यंत्राने केलेल्या भाषांतराखाली सही माझी आणि दर एक तृतीयांश : हे काम घ्यावे का?

प्रश्न : भाषांतरकार, सांगली

नमस्कार. गेली १९ वर्षे मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आणि त्यावरच माझे घर चालते. हे भाषांतर कथा-कादंबऱ्यांचे नाही. औषधांची माहितीपत्रके, विमा पॉलिसीच्या अटी, कीटकनाशकाच्या डब्यासोबत येणारी घडीपत्रके, पंपांच्या पुस्तिका, बँकांचे अर्ज असा मजकूर माझ्याकडे येतो. त्यावर भाषांतरकाराचे नाव कधीच छापले जात नाही, पण तो वाचून माणसे गोळी घेतात, फवारणी करतात आणि कागदावर अंगठा उठवतात.

काम पुण्या-मुंबईच्या एजन्सींकडून येते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला शब्दाला दीड रुपया मिळत असे. मागच्या वर्षी, ज्या एजन्सीकडून माझे निम्म्याहून अधिक काम येते तिने कळवले की यापुढे पहिले भाषांतर एआय करील, मी फक्त ते तपासून दुरुस्त करायचे, त्याला शब्दाला ५० पैसे मिळतील आणि दिवसाला ७,००० शब्द व्हायला हवेत. कारण असे दिले की ९० टक्के काम आता यंत्र करते, माझ्या वाट्याला १० टक्केच उरते. हा ९० चा आकडा कोणी आणि कसा मोजला, असे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा 'ग्राहकाचे तसे म्हणणे आहे' एवढेच उत्तर आले.

आता मागच्या महिन्यातले एक उदाहरण सांगते. एका कीटकनाशकाच्या घडीपत्रकात 'री-एंट्री पिरियड' असा मथळा होता आणि त्यापुढे २४ तास असे लिहिले होते. फवारणी झाल्यावर किती वेळ त्या शेतात पाऊल ठेवायचे नाही, हा त्याचा अर्थ. यंत्राने दिलेले मराठी असे होते : 'पुन्हा फवारणीचा कालावधी : २४ तास.' ऱ्हस्व-दीर्घ अचूक, विरामचिन्हे जागच्या जागी, मराठी म्हणून खटकण्यासारखे काहीही नाही. मूळ इंग्रजी शेजारी ठेवून ओळीवर बोट ठेवत वाचले नसते, तर ते माझ्याही नजरेतून निसटले असते. पूर्वीची यंत्रे वेडेवाकडे मराठी लिहीत, त्यामुळे चूक दुरून दिसत असे; आता ती परीटघडीच्या कपड्यांत येते आणि म्हणून तिला ओळखायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. त्यामागची कारणे वेगळी आणि अनेक होती, भाषांतराशी त्यांचा संबंध मी जोडत नाही. पण तेव्हापासून घडीपत्रकातली एकही ओळ मी घाईत वाचू शकत नाही. दिवसाला ७,००० शब्द म्हणजे ती ओळ घाईतच वाचायची, असा त्याचा अर्थ होतो.

सर्वांत जास्त टोचते ते पुढचे. प्रत्येक कामासोबत मला एका प्रमाणपत्रावर सही करावी लागते : 'सदर भाषांतर मी संपूर्ण तपासले असून ते अचूक आहे आणि त्यातील चुकीमुळे होणाऱ्या नुकसानीस मी जबाबदार राहीन.' दर दीड रुपयाचा होता तेव्हाही हेच वाक्य होते, आजही हेच आहे. कामाचा ९० टक्के भाग यंत्राचा असेल, तर जबाबदारी शंभर टक्के माझी कशी?

माझे प्रश्न दोन आहेत. हा दर नाकारला तर काम दुसऱ्याकडे जाईल हे उघड आहे, मग वाटाघाटीला काही आधार उरतो का? आणि या प्रमाणपत्राचे काय करावे? ज्यांना या व्यवहाराची आतून माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ : माजी प्रकल्प समन्वयक, पुणे

ताई, मी ११ वर्षे भाषांतर एजन्सीत होतो, म्हणजे आपल्याला दर कळवणाऱ्या खुर्चीवर बसलेलो होतो. ९० टक्क्यांचा हा आकडा कुठून येतो ते सांगतो, कारण त्याची मुळे एआयपेक्षा जुनी आहेत.

श्टुटगार्टच्या ट्राडॉस कंपनीने १९९० च्या दशकात भाषांतरकारांसाठी जे सॉफ्टवेअर आणले, त्यात आधी केलेली वाक्ये साठवून ठेवण्याची सोय होती. नवे वाक्य जुन्याशी किती जुळते ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगत असे. भाषांतरकाराचे कष्ट वाचावेत यासाठी असलेला हा टक्का लवकरच दर कापण्याची पट्टी झाला : ८५ टक्के जुळले तर अर्धा दर, १०० टक्के जुळले तर नाममात्र. तरी त्यात एक न्याय शिल्लक होता, कारण जुळणारे वाक्य बहुधा आपणच पूर्वी केलेले आणि एकदा तपासले गेलेले असे.

आता तीच पट्टी यंत्राच्या मजकुराला लावली जाते. आपण दुरुस्त केलेली फाइल परत गेली की सॉफ्टवेअर मूळ खर्डा आणि आपली प्रत यांतला फरक अक्षरांत मोजते. वीस शब्दांच्या वाक्यात आपण एक शब्द बदलला, तर अहवालात ९५ टक्के काम यंत्राचे असे उमटते. आपण 'पुन्हा फवारणीचा कालावधी' खोडून योग्य मथळा लिहिलात, तोही त्या अहवालात दोन-तीन शब्दांचा बदल म्हणूनच नोंदला गेला असणार. तो चुकीचा आहे हे कळण्यासाठी आपण इंग्रजी वाचले, मराठी वाचले, कदाचित कृषी खात्याची पुस्तिका उघडली, या कशाचीही नोंद त्यात नसते. बदललेले अक्षर मोजायला सोपे असते म्हणून मोजले जाते. वाचनाला लागलेला वेळ मोजण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि ज्याला दर कापायचा आहे त्याला ती घेण्याची गरजही नसते. हे मी स्वतः केलेले आहे आणि त्याची मला आज खंत वाटते.

म्हणून माझा सल्ला एकच आहे. पुढच्या दहा-बारा कामांचा वेळ घड्याळ लावून लिहून ठेवा : सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, शब्द किती, आणि अर्थ बदलणाऱ्या चुका किती. अंदाजाने लिहू नका, कारण यंत्रासोबत काम करताना आपला स्वतःचा अंदाजही फसतो. मेटर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रॅमरांवर एक प्रयोग केला. एआयमुळे आपला २४ टक्के वेळ वाचेल असे त्यांना आधी वाटत होते, आणि काम संपल्यावरही २० टक्के वेळ वाचला अशीच त्यांची समजूत होती. घड्याळाने मात्र त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागल्याचे दाखवले. प्रयोग लहान आहे आणि प्रोग्रॅमिंगचा आहे, भाषांतराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण आपल्या मनाच्या अंदाजावर किती विसंबावे एवढे त्यातून नक्की कळते.

प्रतिसाद २ : संगणक अभियंता, हिंजवडी

वरच्या प्रतिसादात आकड्याचे मूळ आले आहे. त्या आकड्यावर विश्वास इतक्या सहज का बसतो, त्याबद्दल मी लिहितो, कारण माझ्या क्षेत्रात आम्ही रोज तेच पाहतो आहोत.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के लोकांना कमी करण्याचे जाहीर केले. मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी स्पष्ट सांगितले की याचे कारण एआयमुळे वाढलेली उत्पादकता हे नसून लोकांची कौशल्ये आणि उपलब्ध कामे यांचा मेळ न बसणे हे आहे. तरीही हिंजवडीच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर त्याचा अर्थ एकच लावला गेला, आणि त्यानंतर माझ्या ओळखीतल्या अनेकांनी पगारवाढीचा विषय काढण्याचेच सोडून दिले. माणसाचा मोबदला खाली आणण्यासाठी यंत्राने त्याचे काम खरोखर करून दाखवावे लागत नाही. ते लवकरच करील अशी समजूत पुरेशा लोकांत पसरली तरी पुरते, आणि ती समजूत पसरवण्याची साधने ज्यांच्याकडे आहेत त्यांनाच ती विकायचीही आहे.

क्लार्ना या स्वीडिश कंपनीचे उदाहरण घ्या. आमचा एआय सहायक ७०० ग्राहकसेवकांचे काम करतो, असे तिने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले आणि ती बातमी जगभर गेली. २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी खर्चावर जास्त भर दिल्याने सेवेचा दर्जा घसरल्याचे मान्य केले आणि माणसे पुन्हा घेण्यास सुरुवात केली. ही दुसरी बातमी किती जणांनी वाचली? भाषांतरकारांच्या जवळचे उदाहरण भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपचे आहे. त्या कंपनीने २०२३ च्या अखेरीस कंत्राटी कर्मचाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के कमी केले, त्यांत भाषांतर करणारे होते, आणि पुढे एप्रिल २०२५ मध्ये यंत्राला जमेल ती कामे कंत्राटी माणसांना देणे हळूहळू थांबवणार असे जाहीर केले. तेव्हा यंत्राकडून प्रत्यक्षात काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. काही होते, पण किती होते ते मोजण्याआधीच किंमत ठरून जाते.

यात आपल्या देशातली एक खास गोष्ट आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआयची सशुल्क सेवा वर्षभर मोफत मिळाली; ऑक्टोबरात जिओने गूगलच्या जेमिनी एआयची सेवा १८ महिन्यांसाठी मोफत देऊ केली; नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट झाले. ज्या सेवेसाठी विजेचा आणि चिप्सचा प्रचंड खर्च होतो ती कोणी फुकट का वाटते, हे ज्यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचा फुकट डेटा घेतला आणि जुलै २०२४ मध्ये वाढलेले रिचार्ज भरले त्यांना वेगळे सांगायला नको. पण तोपर्यंत आपल्या ग्राहक-कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याच्या खिशातला फोन एका क्षणात फुकट मराठी लिहून देतो, आणि त्याच्या मनात भाषांतराची किंमत शून्यावर येऊन बसते. ताई, आपली एजन्सी ५० पैसे म्हणते तेव्हा ती त्या शून्याशी भांडत असण्याचीही शक्यता आहे, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.

आणखी एक गोष्ट करारात तपासून पाहा. आपण केलेली दुरुस्ती कुठे जाते? यंत्राचा खर्डा आणि त्याशेजारी जाणकार माणसाने केलेली सुधारणा, अशा जोड्या पुढच्या यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी अत्यंत मोलाच्या असतात, आणि मराठीसारख्या भाषेत तर जास्तच, कारण इंग्रजीच्या तुलनेत आपल्या भाषेतला विश्वसनीय मजकूर इंटरनेटवर फार थोडा आहे. म्हणजे ५० पैशांत आपण दोन वस्तू देत आहात, तपासलेले भाषांतर आणि प्रशिक्षणाची सामग्री, आणि दुसरीचा उल्लेख कुठेच नाही.

प्रतिसाद ३ : वाचक, लातूर जिल्हा

मी भाषांतरकार नाही आणि तंत्रज्ञही नाही. शिक्षण मराठी माध्यमातून बारावीपर्यंत झाले आहे. वरचे सगळे वाचले, पटलेही, पण माझ्यासारख्या माणसाचा अनुभव यात कुठे दिसला नाही म्हणून लिहिते आहे.

माझ्या वडिलांची गेल्या पावसाळ्यात शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना रुग्णालयाने जो कागद दिला तो पूर्ण इंग्रजीत होता. आमच्या गावात तो वाचून सांगणारे दोघेच, एक मास्तर आणि एक मेडिकल दुकानदार, आणि दोघांकडे किती वेळा जायचे यालाही मर्यादा असते. शिवाय वडिलांना नेमके काय झाले आहे ते सगळ्या गावाला कळावे असे घरच्यांना वाटत नव्हते. मी कागदाचा फोटो काढला आणि फोनला विचारले. दोन मिनिटांत सगळे मराठीत आले, जखम कशी धुवायची, काय खायचे नाही, टाके कधी काढायचे. आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी कागद मी कोणाची मिनतवारी न करता वाचला. बँकेची नोटीस, विम्याचे पत्र, भावाच्या नोकरीचा करार हे आता मी असेच वाचते. क्षमा करा ताई, पण आमच्यासाठी हे कागद मराठीत करून द्यायला इतक्या वर्षांत कोणी आले नव्हते, ना रुग्णालय, ना बँक, ना एजन्सी.

तरी एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. त्या कागदावर एका गोळीपुढे 'एसओएस' अशी अक्षरे होती. फोनने त्याचे 'संकटसमयी घ्यावी' असे केले, आणि संकट म्हणजे काय ते न कळल्याने वडिलांनी दोन रात्री वेदना सहन केल्या. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने सांगितले, 'अहो, दुखेल तेव्हा घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ.' फोनच्या उत्तरात कुठेही 'मला खात्री नाही' असे लिहिलेले नव्हते. बरोबर सांगितलेल्या दहा गोष्टी आणि चुकीची सांगितलेली एक, सगळ्यांचा सूर सारखाच होता.

म्हणून मला असे वाटते की हे यंत्र बंद व्हावे असे आमच्याकडे कोणी म्हणणार नाही. पण डब्यावर छापलेली सूचना आणि माझ्या फोनने दिलेले उत्तर यांत फरक असायला हवा. छापलेल्या अक्षरावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण ते कोणीतरी जबाबदारीने लिहिले असेल असे आम्ही धरून चालतो.

भाषांतरकार, सांगली (मूळ प्रश्नकर्ती)

आपला प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. क्षमा मागण्यासारखे आपण काही लिहिलेले नाही. १९ वर्षांत मी शेकडो पत्रके केली, पण रुग्णाला घरी सोडतानाचा कागद माझ्याकडे एकदाही भाषांतराला आला नाही, हे आपण लिहिल्यावर लक्षात आले. ज्या कामासाठी कोणी कधी पैसे मोजणारच नव्हते ते यंत्र करते आहे, आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जे काम कायद्याने करून द्यावे लागते, कीटकनाशकाच्या पत्रकावर स्थानिक भाषा छापणे नियमाने बंधनकारकच आहे, तेच काम फोनच्या उत्तराच्या पातळीवर आणले जात आहे आणि खाली माणसाची सही घेऊन ते तपासलेले असल्याचे दाखवले जात आहे, माझा प्रश्न तिथे आहे. आपल्या 'छापलेल्या अक्षरावर' या शब्दांनी तो मला स्वतःला स्पष्ट झाला.

प्रतिसाद ४ : वकील, मुंबई

प्रमाणपत्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. प्रत्यक्ष करार पाहिल्याशिवाय ठाम सल्ला देता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण मत समजावे.

या व्यवहारात एजन्सी आपल्याकडून भाषांतर विकत घेत आहे असे वरवर दिसते, पण भाषांतर तर तिच्या म्हणण्यानुसार यंत्राकडून आधीच मिळालेले आहे. तिला हवी आहे ती आपली सही. यंत्रावर दावा लावता येत नाही, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या अटींत चुकीची जबाबदारी सहसा नाकारलेली असते, म्हणून साखळीत एक असा माणूस लागतो ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. त्या जोखमीची किंमत दीड रुपयाच्या दरात थोडीफार धरलेली होती. ५० पैशांत ती धरलेली नाही. त्यामुळे वाटाघाट करताना शब्दांच्या दराआधी प्रमाणपत्रातल्या वाक्यापासून सुरुवात करावी आणि त्याच्या जागी पुढचा मजकूर घालावा, असे मी सुचवीन. 'मला पुरवलेला यंत्रनिर्मित खर्डा मी ठरलेल्या वेळेत तपासला असून माझ्या निदर्शनास आलेल्या चुका दुरुस्त केल्या आहेत. माझी जबाबदारी या कामासाठी मला मिळालेल्या मोबदल्यापुरती मर्यादित राहील.' एवढा मजकूर पुरेसा आहे, आणि तो खराही आहे.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर कॅनडातला एक निकाल उपयोगी पडेल. ब्रिटिश कोलंबियातल्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाविरुद्धची तक्रार निकाली निघाली. आजीच्या निधनानंतर सवलतीच्या तिकिटाबद्दल एका प्रवाशाला संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट ही स्वतःच्या कृतीस जबाबदार असलेली स्वतंत्र अस्तित्वाची गोष्ट आहे, अशा अर्थाचा युक्तिवाद कंपनीने केला आणि न्यायाधिकरणाने तो फेटाळला. रक्कम फार मोठी नव्हती, सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर. भारतीय न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. मात्र जो यंत्र वापरून ग्राहकाशी बोलतो त्याला त्या बोलण्यापासून हात झटकता येत नाहीत, हे तत्त्व इथेही मांडता येण्याजोगे आहे.

दरासंबंधी मला अधिक महत्त्वाचे वाटते ते अमेरिकी पटकथालेखकांचे उदाहरण. २०२३ मधला त्यांचा संप १४८ दिवस चालला. त्यांच्या करारात शेवटी असे ठरले की यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाच्या हाती देऊन 'हे मूळ साहित्य, तू फक्त सुधार' असे म्हणत त्याचे श्रेय किंवा मानधन कमी करता येणार नाही, मजकूर यंत्राचा असेल तर तसे लेखकाला सांगावे लागेल आणि एआय वापरण्याची सक्ती करता येणार नाही. आपल्याशी जे होत आहे, ते नेमके हेच आहे. फरक इतकाच की त्यांच्या पाठीशी संघटना होती, आणि मराठी व्यावसायिक भाषांतरकार आपापल्या घरात एकेकटे बसून ईमेलला उत्तर देतात. एकाच एजन्सीसाठी काम करणाऱ्या दहा जणांनी एकाच आठवड्यात एकच मुद्दा लिहून पाठवला तरी त्याचे वजन वेगळे पडते.

दुरुस्त्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाण्याचा मुद्दा हिंजवडीच्या मित्रांनी योग्य काढला आहे. इथे कायदा अजून घडतो आहे. एएनआय ही वृत्तसंस्था विरुद्ध चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय हा खटला नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाला. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ च्या कार्यपत्रिकेत असे सुचवले आहे की कंपन्यांना प्रशिक्षणासाठी मजकूर वापरण्याचा सरसकट परवाना मिळावा आणि निर्मात्यांना त्यापोटी मानधन मिळावे. मात्र नकार देण्याचा अधिकार निर्मात्याला नसेल. अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय कंपनीने पुस्तकांच्या चोरीच्या प्रतींबाबतच्या दाव्यात १.५ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली, पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर. पण त्यासाठी पुस्तकाची नोंदणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात झालेली असणे आवश्यक होते, आणि ही अट पाहता मराठी लेखक-भाषांतरकारांच्या हाती त्यातून काही लागण्याची शक्यता जवळपास नाही. म्हणून करारात आजच एक ओळ घालून घ्यावी की आपल्या दुरुस्त्या लेखी संमतीशिवाय प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणार नाहीत. एजन्सी ती मान्य करील की नाही हे पुढचे, पण 'आम्हाला कोणी विचारले नव्हते' असे म्हणण्याची तिची सोय त्याने बंद होते.

भाषांतरकार, सांगली (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण पुण्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे मी घड्याळ लावून नोंद ठेवली आणि ती इथे देणे मला योग्य वाटते.

बारा कामे, एकूण २१,४०० शब्द, वेळ ५३ तास. म्हणजे तासाला सुमारे ४०४ शब्द. स्वतः पहिल्यापासून भाषांतर करते तेव्हा माझा वेग तासाला साधारण २८० शब्दांचा असतो. यंत्रामुळे माझा वेळ वाचतो हे मी मान्य करते, सुमारे ३० टक्के वाचतो. दर मात्र ६७ टक्के कापला गेला आहे. पूर्वी तासाला ४२० रुपये सुटत, आता २०२ सुटतात. दिवसाला ७,००० शब्द करायचे तर मला रोज १७ तास बसावे लागेल.

अर्थ बदलणाऱ्या चुका वेगळ्या लिहिल्या होत्या, त्या ३१ निघाल्या. शुद्धलेखनाच्या किंवा शैलीच्या यात धरलेल्या नाहीत. विम्याच्या एका कागदात 'यांपैकी जी रक्कम कमी असेल ती' च्या जागी 'जी रक्कम जास्त असेल ती' असे आले होते. एका सिरपच्या पत्रकात मात्रा बरोबर होती, पण 'दर सहा तासांनी' हे शब्द पूर्ण गळले होते आणि वाक्य त्यांच्याविनाही व्यवस्थित पूर्ण झालेले होते. विमा आणि औषधे यांतच बहुतेक चुका होत्या. पंपाच्या दोन पुस्तिकांत जवळजवळ काहीच सापडले नाही, आणि तिथे कमी दर घ्यायला माझी हरकत नाही, हेही मी एजन्सीला लिहिले.

हा तक्ता मी एजन्सीला पाठवला. माझ्या ओळखीच्या आणखी चौघींनी, दोघी कोल्हापूरच्या, एक नाशिकची आणि एक बेळगावची, आपापल्या नोंदी त्याच आठवड्यात पाठवल्या. दहा जणी जमल्या नाहीत. उत्तर यायला नऊ दिवस लागले. औषधे, कीटकनाशके आणि विमा या तीन प्रकारांसाठी शब्दाला ९० पैसे आणि दिवसाला ३,००० शब्द असे त्यांनी मान्य केले आहे. बाकीचा दर तसाच राहील. दुरुस्त्यांच्या वापराबद्दल 'वरिष्ठांना विचारून कळवतो' असे उत्तर आहे. प्रमाणपत्राबद्दल पत्रात एकही शब्द नाही.

लातूरच्या ताईंना एक सांगायचे होते. त्या घडीपत्रकातला मथळा मी 'पुनर्प्रवेश कालावधी' असा लिहू शकले असते. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर ठरला असता आणि कोणालाही तो कळला नसता. मी 'फवारणीनंतर २४ तास शेतात जाऊ नये' असे लिहून दिले. मथळ्याच्या जागी पूर्ण वाक्य आल्यामुळे ते छपाईच्या चौकटीत बसेना, म्हणून कंपनीकडून दोनदा फाइल परत आली. शेवटी त्यांनी अक्षराचा आकार न घटवता चौकट वाढवली.

काल आलेल्या नव्या कामासोबत प्रमाणपत्राचा जुनाच नमुना होता. त्यातले ते वाक्य खोडून, वकीलसाहेबांनी दिलेला मजकूर हाताने लिहून, खाली सही करून मी तो कागद आज सकाळी परत पाठवला आहे.